तिसऱ्या घंटेनंतर : जुन्या नटांच्या आठवणी (अनुभव धागा)

जुन्या नटांविषयी बोलायला बसलो की आपण फार लवकर विशेषणांवर येतो. 'तसा नट पुन्हा होणे नाही' असे एकदा म्हटले की बोलणाऱ्याचे समाधान होते, पण ऐकणाऱ्या तरुण माणसाच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून या धाग्यासाठी अनुभव मागवताना एकच अट घातली होती. नटाची थोरवी सांगू नये. आपण कुठे बसलो होतो, काय पाहिले आणि इतक्या वर्षांनी त्यातले नेमके काय डोळ्यांपुढे उभे राहते, तेवढेच लिहावे. काळाची मर्यादा ढोबळ ठेवली आहे. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले, तरी घरोघरी संच पोहोचायला ऐंशीचे दशक उजाडावे लागले. तोवर रंगभूमीवरचा नट पाहायचा तर प्लॅन उघडायच्या, म्हणजे तिकीटविक्री सुरू व्हायच्या दिवशी रांगेत उभे राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या काळातल्या, किंवा त्याही आधीच्या पण घरात ऐकलेल्या आठवणी येथे एकत्र केल्या आहेत.

सुरुवात मीच करतो. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात 'तो मी नव्हेच' पाहिले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. वडिलांना उशिरा तिकिटे मिळाल्यामुळे आम्ही अगदी डावीकडच्या कडेला बसलो होतो. प्रभाकर पणशीकर त्या एका नाटकात निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे होत, दिवाकर दातार होत, कॅप्टन अशोक परांजपे होत आणि राधेश्याम महाराजही होत. फिरता रंगमंच वळून न्यायालयाच्या जागी दुसरे घर येईपर्यंत माणूस आतून बाहेरून बदललेला असे. सभागृहाच्या मध्यभागी बसलेल्यांना ही जादू वाटत असणार. मला मात्र खुर्चीच्या कोनामुळे विंगेची वीतभर फट दिसत होती आणि त्या फटीत एक माणूस दोन्ही हातांनी कोट उघडा धरून, कोंबडी पकडायला वाकावे तसा वाकून उभा होता. रंगमंचावरून अंधारात आलेली आकृती त्या कोटात न थांबता शिरली आणि पुढे गेली. पुढचा सबंध अंक मी त्या फटीकडे पाहत बसलो. वडील चिडले आणि "नाटक तिकडे आहे," म्हणाले. मला आजही तसे वाटत नाही.

*

सांगली

आमचे आजोबा एका फिरत्या नाटक मंडळीत दुय्यम भूमिका करीत असत. मंडळीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण शेवटी मालकांनी दोन वर्षांचा पगार बुडवला आणि आजोबा अंगावरच्या कपड्यांनिशी घरी परतले. येताना त्यांनी एक पत्र्याची पेटी आणली. तिच्यात कोरडा पडलेला सफेता, म्हणजे चेहऱ्याला लावायचा पांढरा रंग होता, एक फुटका आरसा होता आणि दोऱ्याने शिवलेल्या बारा-तेरा नकला होत्या.

नक्कल म्हणजे काय ते आता सांगावे लागते. नटाला सबंध नाटक कोणी देत नसे. त्याच्या भूमिकेची तेवढी वाक्ये हाताने उतरवून काढलेली असत आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्या पात्राच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द असत, म्हणजे आपली पाळी कधी येते ते कळावे. आजोबांच्या एका नकलेत तिसऱ्या अंकात त्यांना एकूण अकरा वाक्ये आहेत. वाचताना नाटकाची गोष्ट काय होती हे कळत नाही. कोणीतरी काहीतरी विचारते आणि आजोबा उत्तर देतात, एवढेच समजते. तालमी सुरू होईपर्यंत त्यांनाही याहून जास्त ठाऊक नसे.

त्या नकलेच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात खुणा आहेत. सहाव्या वाक्यापुढे 'येथे टाळी. थांबणे.' असे लिहिले आहे. त्याखाली वेगळ्या, बहुधा नंतरच्या पेन्सिलीने 'मिरजेस टाळी नाही. थांबू नये.' अशी नोंद आहे. आजोबांना मी रंगमंचावर कधीच पाहिले नाही, पण मिरजेच्या त्या रात्री टाळीसाठी थांबलेले आणि टाळी न आल्यामुळे अवघडलेले आजोबा मला या दोन ओळींत स्वच्छ दिसतात.

सांगलीच्या माणसाने नाटकाबद्दल लिहावे आणि विष्णुदास भाव्यांचे नाव घेऊ नये हे शोभणार नाही, म्हणून १८४३ सालच्या 'सीता स्वयंवरा'चा येथे उल्लेख करून ठेवतो. आजोबांच्या बोलण्यात मात्र भाव्यांपेक्षा १९२१ साल अधिक येत असे. त्या वर्षी ८ जुलैला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त 'मानापमान' झाले. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकाच रंगमंचावर आल्या, बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. आजोबांना अर्थातच तिकीट परवडले नव्हते. पुढे तीनच महिन्यांत केशवराव गेले. 'आपण त्या दिवशी एखादी अंगठी विकायला हवी होती,' असे ते म्हाताऱ्या वयात म्हणत. त्यावर 'अंगठी होती कुठे?' असे आजीचे ठरलेले उत्तर असे.

*

कोल्हापूर

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी मी मुलाला गाडी काढायला लावून तिकडे गेले. गर्दीत माझ्या वयाच्या बऱ्याच बायका उभ्या होत्या आणि कोणीही कोणाशी बोलत नव्हते. शाहू महाराजांनी बांधलेले हे पॅलेस थिएटर आमच्या पिढीला घरच्या सोप्यासारखे होते. एवढेच सांगते आणि मूळ विषयाकडे वळते.

त्याच नाट्यगृहात मी महाविद्यालयात असताना 'रायगडाला जेव्हा जाग येते' पाहिले. खरे सांगायचे तर वसंत कानेटकरांचे नाटक पाहायला आम्ही गेलोच नव्हतो, डॉ. काशीनाथ घाणेकरांना पाहायला गेलो होतो. आम्ही सहा मैत्रिणी होतो आणि सहाही जणींनी घरी वेगवेगळी कारणे सांगितली होती. संभाजीचा प्रवेश झाला तेव्हा मागून ज्या शिट्ट्या आल्या, त्या मी तोपर्यंत फक्त चित्रपटगृहात ऐकल्या होत्या. दातांचा डॉक्टर असलेला माणूस रंगमंचावर येताच सभागृहाचे तापमान कसे बदलते, ते त्या दिवशी कळले. त्यांची चाल वाघासारखी होती असे सगळेच लिहितात. मला आठवतो तो त्यांचा श्वास. लांबलचक वाक्य संपत आले की ते श्वास घेण्याऐवजी उरलेला श्वास शेवटच्या शब्दावर टाकून देत आणि तो शब्द जवळजवळ हवेतच विरे.

आश्चर्य हे की आज साठ वर्षांनी डोळे मिटले तर घाणेकर आधी दिसत नाहीत. दिसतात ते मास्टर दत्ताराम. शिवाजी महाराजांच्या भूमिकेत ते मुलाचे बोलणे ऐकत उभे होते आणि त्यांचा एक हात पाठीमागे होता. आम्ही पुढे डाव्या बाजूला बसलो असल्यामुळे तो हात आम्हाला दिसत होता. चेहऱ्यावर राजा होता. पाठीमागच्या हाताची बोटे मात्र अंगरख्याची किनार चुरगाळत होती, अगदी आमचे वडील आमच्या थोरल्या भावाशी भांडताना धोतराचा सोगा चुरगाळत तशी. ती बोटे मधोमध बसलेल्या प्रेक्षकाला दिसणे शक्यच नव्हते. मग ती कोणासाठी होती, हा प्रश्न मला त्या वयात पडला नाही, पुढे मुले मोठी झाल्यावर पडला.

*

येथे संयोजकाने थोडे मध्ये बोलावे असे वाटते. आलेल्या टिपणांपैकी निम्म्याहून अधिक टिपणांनी अट मोडली आणि ती बाजूला ठेवावी लागली. 'बालगंधर्वांनी शालू नेसून प्रवेश केला की स्त्रियाही लाजत' हे वाक्य सात वेगवेगळ्या जणांनी लिहून पाठवले. त्यांपैकी एकानेही बालगंधर्वांना पाहिलेले नव्हते आणि ते शक्यही नव्हते. ऐकीव आठवणीला माझी हरकत नाही, पण ज्याच्याकडून ऐकली तो माणूस तरी दिसला पाहिजे. पुढचे टिपण मी घेतले ते याच कारणासाठी.

*

नागपूर

गेली चाळीस वर्षे मी लोकांना सांगत आलो की 'नटसम्राट' मी डॉ. श्रीराम लागूंचे पाहिले. कुसुमाग्रजांचे हे नाटक डिसेंबर १९७० मध्ये मुंबईत रंगमंचावर आले आणि दिग्दर्शन आमच्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे असल्यामुळे येथे त्याची वाट विशेष पाहिली गेली होती. धनवटे रंग मंदिरात मी वडिलांबरोबर गेलो होतो. तेथला गणपतराव बेलवलकर मी मुलांना कितीदा तरी करून दाखवला आहे : लागूंची मान, लागूंचा घोगरा आवाज, मुठी आवळण्याची त्यांची पद्धत.

दोन वर्षांपूर्वी घर विकताना वडिलांच्या रोजनिशा सापडल्या. वडील हिशेबी होते. दूध, वाणी, दवाखाना आणि नाटक यांच्या नोंदी त्यांनी एकाच शाईने केल्या आहेत. त्या दिवसाची नोंद अशी : 'चि. सह नटसम्राट. दत्ता भट. फार चांगले. शांता जोग उत्तम. रिक्षा दोन्ही वेळा.' लागूंचे नाव नाही. लागूंनंतर दत्ता भटांनी ही भूमिका केली हे मला माहीत होतेच, पण मी पाहिलेला नट तो होता हे मी विसरलो होतो. विसरलो होतो असेही म्हणता येत नाही. पुढे वाचलेले लेख, छायाचित्रे, ध्वनिफिती यांतून लागू माझ्या डोक्यात शिरले आणि त्यांनी दत्ता भटांना तेथून उठवले.

त्यानंतर मी काही दिवस एक उद्योग केला. जे जे आठवते त्यातून लागूंचे म्हणून जे असेल ते काढून टाकायचे आणि काय उरते ते पाहायचे. मान गेली, आवाज गेला, मुठीही गेल्या. उरली ती एकच गोष्ट. बेलवलकरांची बायको कावेरी हिच्या मृत्यूनंतरच्या भागात रंगमंचावरचा म्हातारा माणूस काहीतरी शोधत होता, बहुधा काठी, आणि ती त्याच्याच हातात होती. सभागृहात कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. हे मी कोणत्याही लेखात वाचलेले नाही, कोणत्याही छायाचित्रात पाहिलेले नाही. म्हणजे हे दत्ता भटांचे. मोठ्या नटाच्या सावलीत दुसऱ्या नटाने केलेल्या शेकडो प्रयोगांचे काय होते, याचे उत्तर मला माझ्याच डोक्यात सापडले आणि ते फारसे भूषणावह नाही. येथे त्यांचे नाव नोंदवून त्या चुकीची थोडी भरपाई करतो.

*

बार्शी

आमच्या गावात बंदिस्त नाट्यगृह नव्हते. मोकळ्या मैदानात तट्टे उभारून आणि पुढच्या भागावर पत्रे घालून थिएटर केले जाई आणि मागचे प्रेक्षक घरून सतरंजी आणत. संगीत नाटक रात्री साडेनऊला सुरू होई. संपण्याची वेळ कंपनीच्या हातात नसे, 'वन्स मोअर' देणाऱ्यांच्या हातात असे. आमचे मामा 'वन्स मोअर'च्या विरोधात होते. 'सौभद्र' नाटकातली सुभद्रा दुःखात असताना तिला तेच दुःख तीनदा करायला लावणे हा अडाणीपणा आहे, असे त्यांचे मत होते आणि ते बरोबरच होते. तरीही तिसऱ्या वेळी त्यांची मान सर्वांत जास्त डोलत असे.

एका वर्षी 'सौभद्र' चालू असताना दुसऱ्या अंकात वीज गेली. ध्वनिक्षेपक बंद पडला, पंखे थांबले. गॅसबत्त्या पेटवून आणीपर्यंत पाच-सात मिनिटे गेली असतील. तेवढ्या काळात सुभद्रा गायची थांबली नाही. ऑर्गनवाल्याने क्षणभर हात उचलला होता, तोही पुन्हा सुरू झाला. अंधारात आवाज लहान वाटेल असे मला वाटले होते, पण तो आधीपेक्षा जवळ आला. मागच्या सतरंज्यांवरचे लोक बोलायचे थांबले. मुले रडत होती तीही थांबली, निदान मला तसे आठवते. बत्त्या आल्या तेव्हा ती बाई रंगमंचाच्या अगदी पुढे, कडेपासून हातभर अंतरावर उभी होती. तिला पुढे येताना कोणीच पाहिले नव्हते.

तिचे नाव आज कोठेही सापडायचे नाही. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी १९४९ साली 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली आणि संगीत नाटक पडत्या काळात तगवून धरले, हे सर्वांना माहीत आहे आणि त्यांचा मान त्यांना मिळालाच पाहिजे. पण त्यांच्या आजूबाजूला अशा कितीतरी लहान कंपन्या होत्या, ज्यांच्या सुभद्रा, भामिनी आणि रुक्मिणी जाहिरातीच्या कागदावर फक्त 'व इतर नामवंत कलाकार' म्हणून छापल्या जात.

*

गिरगाव, मुंबई

मुंबई मराठी साहित्य संघ मंदिरात भालचंद्र पेंढारकर, म्हणजे सर्वांचे अण्णा, तेथे होणारी नाटके ध्वनिमुद्रित करून ठेवत असत, हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. 'दुरितांचे तिमिर जावो'मधला दिगू म्हणून लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, पण माझ्या मते दुसऱ्यांची नाटके जपून ठेवणारे अण्णा अधिक मोठे होते. मी अट मोडतो आहे हे कळते. पण ज्या काळात नट दुसऱ्या कंपनीचे नाटक पाहायलाही कचरत, त्या काळात हा माणूस दुसऱ्यांचे आवाज फितीवर साठवत होता.

अशा एका जुन्या मुद्रणाची प्रत मला ऐकायला मिळाली. नाटकापेक्षा प्रेक्षकच जास्त ऐकू येतात. खुर्च्या करकरतात, कोणीतरी सोडा उघडतो आणि एक गृहस्थ प्रत्येक पदाआधी खोकून तयारी करतात, जणू पद त्यांनाच म्हणायचे आहे.

*

लालबाग, मुंबई

बाबा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते आणि कामगार नाट्यस्पर्धांमध्ये दरवर्षी काम करीत. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी एकदा हवालदाराची भूमिका केली. दुसऱ्या प्रवेशात चहा पिताना त्यांची मिशी कपाला चिकटून निघून आली. प्रॉम्प्टर विंगेतून "मिशी, मिशी!" म्हणून ओरडू लागला आणि बाबांना वाटले की ते आपले पुढचे वाक्य आहे. त्यांनी मोठ्या आवाजात "मिशी!" म्हटले. त्या वर्षी आमच्या खात्याला बक्षीस मिळाले नाही. पुढची कित्येक वर्षे चाळीत त्यांना कोणी हवालदार म्हटले की ते जेवणावरून उठत.

१९८० मध्ये 'वस्त्रहरण' आले. पहिले काही दिवस नाटक चालत नव्हते, मग पु. ल. देशपांड्यांनी कौतुक केले आणि तिकीट मिळेनासे झाले, हे आता इतिहासात जमा आहे. आमच्या चाळीतून एक टेम्पो भरून माणसे गेली होती. मच्छिंद्र कांबळी तात्या सरपंच म्हणून उभे राहिले आणि त्यांनी पहिले मालवणी वाक्य टाकले तेव्हा बाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आमचा बोलणा स्टेजार! आणि लोक पैशे दिवन ऐकतत!" तोवर मुंबईच्या नाटकात मालवणी बोलणारा माणूस बहुतेक वेळा घरगडी असे आणि तो दोन वाक्ये बोलून चहाचा ट्रे घेऊन जाई.

गंगाराम गवाणकरांच्या त्या नाटकात एका गावातले लोक महाभारतावरचे नाटक बसवतात आणि त्याचा बट्ट्याबोळ होतो. पात्रे वाक्ये विसरतात, दागिने निसटतात, प्रॉम्प्टर ऐकू येतो. सबंध सभागृह खुर्च्यांवरून घसरत होते. बाबा हसत होते, मग डोळे पुसत होते, मग पुन्हा हसत होते. मध्यंतरात त्यांनी भजी घेतली आणि आम्ही कोणीही न विचारता, टेम्पोतून आलेल्या सर्वांना त्यांनी मिशीची हकीकत स्वतः सांगितली, तीसुद्धा कांबळींच्या ढंगात, हातवारे करून. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर आमच्या घरातून नाटकाला कोणी गेले नाही. त्यामुळे बाबांनी पाहिलेले शेवटचे नाटक तेच.

*

देसाईगंज (वडसा)

आमच्याकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटक पीक घरात आल्यावर असते, मंडईच्या म्हणजे गावजत्रेच्या नाहीतर शंकरपटाच्या म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या निमित्ताने, आणि ते रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. तुमच्या पुण्या-मुंबईच्या नटांची आठवण मला नाही. आमच्या लहानपणीचा खलनायक दिवसा बैलांचा व्यापारी होता. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी तो बाजारात आला की बायका त्याच्याकडे पाहून पदर सावरत आणि तो बिचारा खाली मान घालून चालत असे. त्याच्या बैलांना मात्र दर चांगला मिळे.

*

नाशिक

'ती फुलराणी'तले मंजुळेचे स्वगत आमच्या पिढीतल्या प्रत्येक मुलीने कोठे ना कोठे म्हटलेले आहे. मी ते आंतरशालेय स्पर्धेत म्हटले, दात-ओठ खाऊन म्हटले आणि मला दुसरे बक्षीस मिळाले. परीक्षकांपैकी एक बाई नंतर मला म्हणाल्या, "बाळ, तू रागावलीस छान, पण मंजुळा नुसती रागावलेली नाही." मला तो पराभूत मुलीची समजूत काढण्याचा प्रकार वाटला.

पुढे आईने मला भक्ती बर्वे यांचा प्रयोग दाखवला. पु. ल. देशपांड्यांनी इंग्रजी नाटकावरून केलेले हे रूपांतर १९७५ साली रंगमंचावर आले होते आणि भक्तीबाईंना आम्ही दूरदर्शनवर बातम्या देताना पाहत असू, त्यामुळे इतक्या शुद्ध बोलणाऱ्या बाई फुले विकणारी पोर कशी होणार, अशी माझी शंका होती. स्वगत आले. मी मनातल्या मनात बरोबर म्हणू लागले आणि दुसऱ्याच ओळीला आमची चुकामूक झाली, कारण मी पुढे गेले होते आणि त्या थांबल्या होत्या. त्या थांबण्यात त्यांनी फक्त एकदा त्या खोलीकडे पाहिले. ज्या खोलीत आपल्याला कोणी माणूस मानत नाही तीच खोली आपल्याला आवडू लागली आहे, हे मंजुळेला तेथे कळले. राग त्यानंतर आला. म्हणजे तो शुद्ध बोलणे शिकवणाऱ्या मास्तरांवर जितका होता तितकाच स्वतःवर होता. मला त्या परीक्षक बाईंची आठवण झाली आणि माझे कान गरम झाले.

फेब्रुवारी २००१ मध्ये वाईहून मुंबईला परतताना अपघातात भक्तीबाई गेल्या. त्या दिवशी मी वर्गावर होते. सातवीच्या एका मुलीने स्नेहसंमेलनासाठी तेच स्वगत निवडले होते. मी तिला कुठे थांबायचे ते दाखवले. ते का, हे सांगितले नाही.

*

पुणे (पडद्यामागे काम केलेल्या गृहस्थांनी सांगितले, मी उतरवून घेतले)

मी सव्वीस वर्षे कपडेपट सांभाळला. आधी एका कंपनीत, मग ज्याची तारीख असेल त्याच्याकडे. प्रयोगाला नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचा मेहनताना मिळत असे, नटांची वेगळी, आमची वेगळी, आणि दौऱ्यावर कंत्राटदाराने हात वर केले तर आमची आधी बुडत असे. एकदा विदर्भाच्या दौऱ्यात एका कंत्राटदाराने सलग चार प्रयोगांचे पैसे दिले नाहीत. तेव्हा एका मोठ्या नटाने, त्यांचे नाव घेतलेले त्यांना आवडले नसते, पाचव्या प्रयोगाला तिसरी घंटा होऊ दिली नाही. मेकअप करून, फेटा बांधून ते कपडेपटातल्या माझ्या ट्रंकेवर बसून राहिले. 'पोरांचे पैसे आले की सांगा,' एवढेच म्हणाले. बाहेर लोक टाळ्या वाजवून कंटाळले, मग शिट्ट्या सुरू झाल्या. पाऊण तासाने पैसे आले. ते उठले, तेव्हा ट्रंकेच्या कडीचा वळ त्यांच्या मांडीवर उठला होता आणि तसेच ते राजासारखे चालत बाहेर गेले.

लोक मला विचारतात, तुम्ही तर सगळ्यांना जवळून पाहिले असेल. पाहिले, पण पाठीमागून. मी विंगेत उभा राहून पुढचा पोशाख हातात धरून वाट पाहत असे, त्यामुळे त्या काळातले बहुतेक नट मी पाठीवरून ओळखतो. पुढून भरजरी दिसणारा अंगरखा मागे चार सेफ्टी पिनांवर उभा असे. दुसऱ्या अंकापर्यंत पाठीवर घामाचा नकाशा उमटे आणि प्रत्येकाचा नकाशा वेगळा असे. कोणाचा मणक्यावरून सरळ खाली जाई, कोणाचा दोन्ही खांद्यांवर पसरे. विनोदी काम करणाऱ्यांची पाठ सर्वांत जास्त भिजत असे. पुढे हशा चालू असताना पाठ अगदी ताठ आणि स्थिर असे, कारण हशा किती वेळ टिकतो ते मोजण्यात माणूस गुंतलेला असे. टाळी पडली की काही पाठी सैल पडत आणि काही उलट आणखी आवळत. कोण किती वर्षे टिकणार, हे मला त्यावरून सांगता येई. दोनदा चुकलो असेन.

काम सोडल्यावर मुलाने एकदा मला पुढच्या रांगेचे तिकीट काढून दिले. आमच्याच जुन्या नाटकाचे नव्या संचातले पुनरुज्जीवन होते. पडदा वर गेला, दिवे आले, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या प्रवेशात राजाने शाल बदलून यायचे असते आणि त्याला आत जाऊन परत यायला जेमतेम चौदा सेकंद मिळतात. राजा आत गेला. मुलाने माझ्याकडे पाहिले तेव्हा माझे दोन्ही हात पुढे आलेले होते.